मी मागच्या बाकावरचा पट्टा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, मोटारीच्या मागच्या बाकावरचा. दोन तुकडे, एक बक्कल आणि ओढून आवळायचं मोकळं टोक, एवढाच माझा संसार.

जन्म जपानच्या कारखान्यातला. तिथं मला जड पोती बांधून आपटून पाहिलं, तेव्हा वाटलं होतं, आपल्या हातून काहीतरी मोठं होणार. पुढे ही मोटार मुंबईच्या एका साहेबाकडून येलदरीच्या वीजघरातले इंजिनिअर दिनकरराव यांनी जुनी विकत घेतली, आणि मी गेलो बाकाच्या फटीत. शेंगांच्या टरफलांत चार वर्षं काढली. बाहेर काढलं तर लोणच्याची बरणी बांधायला. पाहुण्यांना कुणी मला लावायला सांगितलं, तर ते हसायचे. आम्ही काय पळून चाललोय का, म्हणायचे.

नव्वद साली माझं नशीब उघडलं. दिनकररावांना लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली होती, चिमी. त्यांची बहीण नर्मदाबाई मस्कतला नर्स होती. तिनं लेकरासाठी मोटारीत बांधायची खुर्ची पाठवली, सोबत चिठ्ठी. खुर्ची पट्ट्यानं करकचून बांधा, बुडाशी धरून हलवा, बोटभराच्या वर हलली तर पुन्हा बांधा. मी हरखून गेलो.

चिमीला परभणीला मामाकडे न्यायचं ठरलं. निघताना तिच्या आजीनं, धुरपताबाईंनी, खुर्चीखाली जुन्या लुगड्यांची गोधडी चार घड्या करून घातली. लेकराला धक्के बसू नयेत म्हणून. मायाच होती ती, मी नाही म्हणत नाही. दिनकररावांनी मला ओढलं, खुर्ची हलवून पाहिली. हलेना. सगळे खूश. धास्तावलो तो मी एकटा, कारण माझ्या पकडीत खुर्ची नव्हती, गोधडीचा फुगवटा होता.

जिंतूरपर्यंतच्या खड्ड्यांनी गोधडी दबत गेली आणि मी ढिला पडत गेलो. खुर्ची वीतभर पुढे जायची, मागे यायची. चिमीला झोका वाटत होता, ती खिदळत होती. मला ओरडता आलं असतं तर मी बोंब ठोकली असती.

जिंतूरला चहासाठी थांबले. खुर्चीशेजारी बसलेले चिमीचे आजोबा भुजंगराव म्हणजे जन्मभर शेती केलेला माणूस. उतरता उतरता त्यांचा हात माझ्यावर पडला आणि ते तिथंच थबकले. मला दोन बोटांनी उचलून पाहिलं.

"गाडीत कडबा भरून कोसभर गेलं की दोर ढिला पडतोय. ही गोधडी बी तशीच बसली. काढ ती."

धुरपताबाईंचा चेहरा उतरला. लेकराला खालून टोचेल, असं त्या पुटपुटल्या.

"टोचू दे जरा. पन खुर्ची हालू न्हाई."

चिमीला आजीच्या मांडीवर दिलं. आजोबांनी गोधडी ओढून काढली, माझा पीळ सरळ केला, खुर्चीत गुडघा रोवून अंगाचा भार टाकला आणि माझं टोक खसकन ओढलं. हाडं मोडतील असं वाटलं. पण काय सांगू, इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं.

बोरी गावाच्या अलीकडे म्हशींचा कळप एकदम आडवा आला. दिनकररावांनी कचकन ब्रेक दाबला. शिदोरीचा डबा पुढे उडाला, आजोबांचं कपाळ पुढच्या बाकावर आपटलं. चिमीचा सगळा भार माझ्यावर आला. मी धरून राहिलो. खुर्ची बोटभरही सरकली नाही.

मग चिमीनं भोकाड पसरलं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. आजोबा कपाळ चोळत हसले. धुरपताबाईंनी आधी नातीला चाचपलं, मग मला. गोधडी उलगडून त्यांनी चिमीच्या पायांवर पांघरली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पकड मात्र सोडली नाही.

आता चौऱ्याण्णव साल आहे. खुर्चीत चिमीचा धाकटा भाऊ बसतो. माझ्या कडा विरल्यात, बक्कल कुरकुरतं. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला आवळताना दयामाया दाखवू नका. आमचं त्यात काही दुखत नाही.

जिंतूरला मोटार अजून थांबते. दिनकरराव चहाकडे वळले की मागून धुरपताबाईंचा आवाज येतो, "आधी दोर बगा, मंग च्या."