टिकटिक गाळणारं यंत्र

सकाळी घड्याळवाल्या काकांनी दुकानाचं शटर वर केलं. भिंतीवरची एकूण एक घड्याळं मुकी. काकांनी हाताशी आलेलं पहिलं घड्याळ उतरवून मागचं झाकण उघडलं. मग दुसरं. तिसऱ्याच्या स्क्रूला हात घातला तेवढ्यात काकू आत आल्या.

"चालत्या घड्याळाचं पोट कशाला फाडताय?"

काकांनी वर पाहिलं. लंबक मजेत झुलत होते. काकूंचा आवाजही खणखणीत ऐकू आला होता. म्हणजे बिघाड भिंतीवर नव्हता, कानात होता.

काकांचं कानातलं ऐकण्याचं यंत्र फोनला जोडलेलं होतं आणि रात्रीत परस्पर अपडेट झालं होतं. काकांनी कंपनीला फोन लावला.

"सर, एकसुरी आवाज आता आपोआप गाळले जातात. टिकटिकीचा लोकांना त्रास होतो," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"मला होत नाही. माझं पोट चालतं तिच्यावर."

"तुमची सूचना पुढे पाठवते, सर."

"सूचना नाही, तक्रार आहे. आधीसारखं करून द्या."

"ते बदल आमच्याकडूनच होतात, सर."

"यंत्र कुणाच्या कानात आहे?"

यावर पलीकडून संगीत सुरू झालं. तेही एकसुरीच होतं, पण ते काही गाळलं गेलं नाही.

काका वैतागले, कारण त्यांचं निम्मं काम कानांचं. भिंतीवरचं घड्याळ जरा तिरकं टांगलं की टिक आणि टॉकमधलं अंतर बिघडतं. काकांच्या भाषेत घड्याळ लंगडतं. डोळ्यांना ते दिसत नाही. शाळेतल्या बाई आपल्या आईचं घड्याळ न्यायला संध्याकाळी येणार होत्या. आज अंदाजाने भागवलं असतं, पण उद्यापासून दुकान कशाच्या जोरावर चालवायचं?

दुपारी सूनबाई आली. तिने फोन चाळला.

"बाबा, हे यंत्र वापरणाऱ्यांनीच मिळून एक प्रोग्राम लिहिलाय. सगळं तुमच्याच फोनमध्ये राहतं, कंपनीला विचारायला नको."

"मग घोडं कुठे अडलंय?"

"वॉरंटी जाईल. आणि घालताना फसलं, तर यंत्र म्हणजे कानातला खडा."

"खडा झाला तर मी ओरडायला मोकळी," काकू म्हणाल्या.

घड्याळ विकून त्याची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणारा दुकानदार काकांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"घाल," ते म्हणाले.

यंत्र काउंटरवर काढून ठेवलं आणि जग बंद पडलं. काकूंचे ओठ हलत होते. काका जुन्या सवयीने प्रत्येक वाक्याला मान डोलावत राहिले. सूनबाई खुदकन हसली, तेव्हा आपण भलत्याच कशाला तरी हो म्हटल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

यंत्र पुन्हा कानात गेलं आणि रस्ता, पंखा, चमचे, स्वतःचा आवंढा असं सगळं एकदम अंगावर आलं.

"अगं, हा बाजार कुणी भरवला?"

"सगळं उघडं आहे, बाबा. काय ठेवायचं, काय गाळायचं, ते तुम्हीच ठरवा."

काकांनी चष्मा वर सरकवला आणि फोनच्या पडद्यावरच्या पट्ट्या केसभर केसभर हलवू लागले. पंखा मागे गेला, रस्ता दूर झाला. तळातून टिकटिक वर आली, आधी एक, मग भिंतभर. मध्येच एक पट्टी जास्त सरकली आणि काकूही गेल्या; त्यांना तेवढ्याच तत्परतेने परत आणावं लागलं.

मग डोळे मिटून काका बाईंच्या घड्याळासमोर उभे राहिले. टिक, टॉक. टिक, टॉक. लंगडत होतं. त्यांनी खालची कड अंगठ्याने किंचित ढकलली. पावलं सरळ पडू लागली.

बाई आल्या तेव्हा काकांनी घड्याळ बांधून न देता आधी त्यांनाच भिंतीपाशी उभं केलं.

"ऐका. घरी टांगलंत की असंच वाजायला हवं. लंगडलं तर खालची कड जराशी ढकला. मला बोलावू नका."

"मग तुमच्या धंद्याचं काय?"

"बिघडलं तर मी आहेच," काका म्हणाले, "चालतं तुम्हीच ठेवा."

बाईंनी अंगठा टेकवला, डोळे मिटले आणि कान पुढे केला.