चौदावा मुद्दा

बाबांचं शाईपेन बंद पडलं, तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. निवृत्त झाल्यापासून बाबा तक्रारी लिहितात. बसथांब्याचं बाकडं, ग्रंथालयातला पंखा, दिवसेंदिवस रोडावत चाललेली साबणाची वडी, कशालाही त्यांनी सोडलेलं नाही. प्रत्येक पत्राला विषय असतो आणि मुद्द्यांना क्रमांक असतात. पत्र हातोहात दिलं, तर समोरच्याकडून खाली 'मिळाले' असं लिहून सही घेतात. मी कॉलेजात असताना खोलीतल्या पसाऱ्याबद्दल मला दोन पत्रं आली होती, आणि दोन्हींवर मी मुकाट सही केली होती.

हे सगळं चालायचं ते आजोबांच्या पेनावर. जाड, काळं, एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं पेन. पुढचा भाग फिरवून काढायचा आणि ड्रॉपरने पोटात शाई भरायची. बॉलपेनने लिहिलेली तक्रार कोणी मनावर घेत नाही, असं बाबांचं ठाम मत आहे.

शनिवारी आईचा फोन आला. एरवी ती फोनवर बाबांच्या तक्रारींची तक्रार करते. या वेळी आवाज पडलेला होता. पेन बंद पडून वीस दिवस झाले, म्हणाली, आणि माणूस पार गप्प झालाय. काल भाजीत मीठ घालायचंच राहिलं, तर निमूट जेवून उठले. हे ऐकून मात्र मीही हादरले. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे तुंबलेली कुठलीही वस्तू घरात माझ्याच गळ्यात पडते.

रविवारी सकाळी ड्रॉपर, पाणी मारायचा रबरी फुगा आणि बाटलीभर शुद्ध पाणी घेऊन मी पोचले. बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी पेन माझ्या हातात ठेवलं आणि शाईत भेसळ आहे, एवढंच म्हणाले. कंपनीला पत्र लिहायला हवं, पण ते लिहायचं कशाने, हा प्रश्न होता. मला हसू आलं. त्यांना आलं नाही, आणि मग मला माझ्या हसण्याचा राग आला.

घरगुती उपाय करून झाले होते. पेन झटकल्यामुळे भिंतीवर कॅलेंडरपासून दारापर्यंत ठिपक्यांची रांग उठली होती. फुंकर मारून झाली होती, त्याची खूण बाबांच्या मिशीत अजून होती. उकळत्या पाण्यात बुडवायचंही ठरलं होतं, पण आईने पातेलंच लपवलं. ते बरं केलं, कारण कढत पाण्याने एबोनाइटचा रंग उडतो.

मी स्वयंपाकघरात बेसिनपाशी बसले. रबरी हातमोजा घालून पिळलं तेव्हा कुठे पेन उघडलं. बाबांनी जन्मात निळ्याशिवाय दुसरी शाई वापरलेली नाही, तेव्हा पाणी निळं व्हायला हवं होतं. बाहेर आले ते काळे पापुद्रे. ही चित्रकलेची शाई होती. एकदा वाळली की पाण्याला जुमानत नाही अशी. तिची बाटली या घरात एकाच माणसाकडे आहे, आणि ती व्यक्ती माझ्या शेजारी उभी राहून कोरडी ताटली पुसत होती. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवताना, ही शाई पेनात भरू नका, हे तिने किती वर्गांना बजावलं असेल देव जाणे.

"आई, ही कुठली शाई?" मी हळूच विचारलं.

आईने बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडला आणि सगळं सांगितलं. गेल्या महिन्यात दोघं मावशीकडे जेवायला गेली होती. दुसऱ्या दिवशी बाबांनी मावशीला चौदा मुद्द्यांचं पत्र धाडलं. पहिला मुद्दा जेवायला उशीर झाल्याचा, शेवटचा खुर्ची डुगडुगत असल्याचा. तेव्हापासून मावशीचा फोन नाही. आई एक दुपारभर रडली, मग उठली, पेनातली निळी शाई ओतून दिली आणि आपली काळी भरली.

"चार दिवस बंद राहील, एवढंच मनात होतं गं," ती म्हणाली. "हे असे बसून राहतील असं नव्हतं वाटलं."

आता मोठीच पंचाईत होती. पेन बंद राहिलं तर बाबाही बंद. पेन चाललं, तर पहिलं पत्र शाईच्या कंपनीला, सोबत नमुना. कंपनी तपासणार, ही शाई आमची नव्हे म्हणून उलट टपाली कळवणार, आणि आई पकडली जाणार. दुरुस्त तर कर, पण जरा सावकाश, असं ती म्हणाली.

सावकाश करण्यावाचून इलाजच नव्हता. कोमट पाण्यात अमोनियाचे चार थेंब टाकून मी पुढचा भाग तासभर भिजत ठेवला. मग निब आणि तिच्याखालची जीभ अलगद ओढून काढली. शाई जिच्यातून निबेपर्यंत येते, ती जिभेवरची बारीक खाच काळ्या खड्याने बुजली होती. मऊ ब्रशने ती मोकळी केली, सगळं परत बसवलं आणि फुग्याने पाणी सोडत राहिले. काळं पाणी आलं, मग राखाडी, मग नितळ. पेन वाळवून निळी शाई भरली. निब कागदी रुमालाला टेकवल्याबरोबर निळा डाग पसरला, आणि मला उगाचच रडू आलं.

बाबांनी पेन घेतलं, टेबलाशी बसले आणि लिहू लागले. मध्ये एकदाही थांबले नाहीत. आई दाराआडून बघत होती, तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. पान संपलं. बाबांनी पाकीट काढलं नाही. त्यांनी आईला बोलावलं आणि कागद पुढे केला.

आईला चष्मा सापडेना, म्हणून मीच मोठ्याने वाचलं.

"प्रति, चित्रकला शिक्षिका (निवृत्त). विषय: पेनात काळी शाई भरल्याबाबत. एक, टोपण काढताच वास ओळखला. एकतीस वर्षे तो आपल्या बोटांना येत होता. दोन, आपली अडचण होऊ नये म्हणून कंपनीचे नाव पुढे केले. तीन, आपण रागावला आहात हे समजले, का तेही समजले. आपण बोलाल म्हणून वीस दिवस वाट पाहिली. चार, आपल्या भगिनीस पाठवलेल्या पत्रातील मुद्दे एक ते तेरा मागे घेत आहे. चौदावा कायम आहे, कारण ती खुर्ची खरोखरच डुगडुगते. पाच, यापुढे माझ्याविरुद्ध तक्रार असल्यास पेनास त्रास न देता तोंडी करावी."

तिसरा मुद्दा मात्र माझ्या हातून कागद घेऊन बाबांनीच वाचून दाखवला.

आईने पेन मागून घेतलं. कागदाच्या तळाशी 'मिळाले' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली. रेघ कुठे तुटली नाही. मग खुर्ची ओढून ती बाबांच्या समोर बसली.

"आता तोंडी ऐका," ती म्हणाली. "पहिला मुद्दा."

बाबांनी टिपून घेण्यासाठी पेनाकडे हात नेला. आईने टोपण लावलं.