डिसेंबरच्या आत गाडी

"पैसे पाठवायच्या आधी खातं कुणाच्या नावावर आहे ते बघावं. आणि कंपनीचा नंबर त्यांच्या बिलावरून घेऊ नये, आपला आपण शोधावा."

मोम्बासा बंदरात परदेशी गाड्या सोडवून देणाऱ्या कचेरीत काम करणारी मुम्बुआ मावशी हे माझ्या लेकीच्या, न्दुकूच्या बारशालाच म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. "मावशी, आम्ही काय अडाणी आहोत?"

माझा धाकटा भाऊ मुथामा माचाकोसला मोटरसायकलवर भाडी मारायचा. त्याला टॅक्सी हवी होती, जपानहून जुनी. आमच्याकडे केनियात आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी देशात घेत नाहीत, म्हणून वर्षअखेरीला मुदतीच्या काठावरच्या गाड्या स्वस्त निघतात. इंटरनेटवर भेटलेल्या, एका जपानी कंपनीचं बिल पाठवणाऱ्या विकणाऱ्याने नेमकं तेच धरलं. "डिसेंबरच्या आत उतरली नाही, तर गेली!" नियम खरा, म्हणून माणूसही खरा वाटला. भाऊबंदांनी, चर्चच्या मंडळींनी वर्गणी काढली आणि निम्मे पैसे गेले.

"खातं भलत्याच माणसाचं कसं रे?" मी मुथामाला विचारलं.

"एजंटचं असतं, ताई. तू बाळाकडे बघ."

मग "बंदरात खोळंबा झालाय, उरलेले लगेच पाठवा" असा निरोप आला. या वेळी मात्र मी कंपनीचा नंबर स्वतः शोधला. पलीकडची बाई म्हणाली, "ती गाडी आम्ही मागच्या वर्षीच विकली. बिल आमचं नाही. असे फोन आम्हाला सारखे येतात."

न्दुकूला पाठीशी बांधून मी तडक त्याच्या घरी गेले. अंगणात मोटरसायकल नव्हती.

"विकली," मुथामा म्हणाला. "उरलेले भरायला."

"अरे, गाडीच नाहीये! कंपनीच सांगतेय!"

"तुला सगळीकडे खोटंच दिसतं. पोर शिंकली तरी दवाखाना गाठतेस."

"पैसे पाठवलेस का?"

"चर्चमध्ये रोज विचारतात, गाडी कुठवर आली. काय सांगू त्यांना?"

म्हणजे आपण फसलोय हे त्याला कळलं होतं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मर मग," म्हणाले आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको स्योकाऊचा फोन आला. "ताई, त्यांनी पाठवले हो सगळे. कालपासून दार लावून बसलेत. जेवलेही नाहीत."

राग अजून गेलेला नाही. त्या चोरावर आहे, मुथामावर आहे, कशाकशावर म्हणून सांगू? पण मी मटाटूत, म्हणजे आमच्या भाड्याच्या मिनीबसमध्ये बसलेय, माचाकोसलाच निघालेय. तुमच्याही ओळखीत कुणी "गाडी येतेय, गाडी येतेय" म्हणून नाचत असेल आणि हल्ली गाडीचं नावही काढत नसेल, तर त्याला फोन करा. उचलला नाही, तर घरी जा. शिव्या नंतर घाला. आधी तो जेवलाय का ते बघा.