ह्यांचा आवाज

बजाजनगरात माझी खानावळ आहे. खानावळ म्हणजे काय, पुढच्या खोलीत दोन बाकडी आन मागं आम्हा मायलेकींची राहायची खोली. कंपनीतली माणसं शिफ्ट सुटली की येतात, भाजी-भाकरी खातात, जातात. त्यातला बद्रीनाथ नावाचा एक फिटर. माणूस गरीब, पण जेवताना मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची त्याला लई वाईट खोड. एका दुपारी मी त्याला वरण वाढायला गेले, तर तांब्यापाशी माझा नवरा बोलत होता.

नवरा वारून तवा तीन वर्षं झाली होती.

"भावांनो," हे म्हणत होते, "ज्याच्याकडनं भाजी घेता, ज्याच्याकडनं बायकांच्या हातात बांगड्या भरून घेता, त्याला आधी नाव विचारा." तोच भगवा फेटा, तेच वर केलेलं बोट. बद्रीनाथ म्हणला, "मावशी, ऐका जरा. असा माणूस आज पाहिजे होता." त्या बिचाऱ्याला काय ठाऊक मी कोण ते. मी म्हणलं, "भाकरी गार होतीय, गप जेव." आन मागं येऊन गॅसपाशी उभी राहिले. 

आमचे हे म्हणजे इंद्रजीत महाराज. मूळचे पिशोरचे, कन्नड तालुक्यातले. आधी क्लासमधी इतिहास शिकवायचे. मग एका जयंतीला भाषण केलं, टाळ्या पडल्या, आन त्या टाळ्यांनीच माणूस खाल्ला. पोथी एक धड वाचली नव्हती, पण लोकांनी महाराज केलं आन हे झाले. गावोगाव बोलवणं यायचं. बोलायचं काय, तर एकच. त्यांच्याकडनं घेऊ नका, त्यांना खोली देऊ नका, बाजारात बसू देऊ नका. मी एकदा म्हणलं, "अहो, ईदला शिरखुर्मा कुणाच्या घरचा खाता?" तर म्हणे, "ते आपल्या गल्लीतले, ते वेगळे." मी म्हणलं, "मग ऐकणाऱ्याला कसं कळायचं कोण वेगळं?" त्यावर फेटा उचलून चालते झाले. असंच एक भाषण करून येताना गाडीतच छातीत कळ आली आन गेले.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवंना. झाडावर मेले रांगेनं बसलेले, पण खाली एक उतरंना. असं झालं की गेलेल्या माणसाची इच्छा राहिलीय म्हणतात, आन मग घरचे एकेक जण पुढं होऊन शब्द देतात. माझी सासू सारजाबाई, तिला मी आत्याबाई म्हणते, ती म्हणली, "इंदर, सुनंला आन नातीला अंतर देणार नाय." कावळा नाय. चुलतसासरे माझं नाव घेऊन म्हणले, "जमिनीत दीपमालाचा वाटा राहील." कावळा नाय. ऊन डोक्यावर आलं, माणसं चुळबुळ करायला लागली. मग माझा दीर सुदर्शन पुढं झाला, हात जोडले आन म्हणला, "दादा, तुझा आवाज बंद पडू देणार नाय." झपकन कावळा आला आन भात घेऊन गेला.

बाया हुंदके द्यायला लागल्या. मी बी रडले. पण आता विचार करते, बायको-पोरीला सांभाळतो म्हणल्यावर येत नाय आन यूट्यूब चालू ठेवतो म्हणल्यावर येतो, हा कसला कावळा? त्याला भूक लागली असंल, दुसरं काय.

पण सुदर्शनचा जीव त्या शब्दात अडकला. ह्यांची सगळी भाषणं त्यानं यूट्यूबच्या चॅनलवर चढवली. त्याला मदत करायला माझी लेक संस्कृती. बाप गेला तवा ती दहावीत होती. आता कॉलेजला जाते, कम्प्युटर शिकते. मोठं भाषण कापून त्याचे बारके तुकडे करायची, खाली वाजंत्री टाकायची, आन ते तुकडे कुठं कुठं जायचे. दिवसभर तिच्या कानात बाप. बोलायला लागली की बोट वर जायचं, "भावांनो" म्हणायची. गणपतीत कॉलनीतल्या मंडळानं तिला चार शब्द बोलायला बोलावलं, तर पोरीनं बापाचंच भाषण पाठ म्हणून दाखवलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी मागं खुर्चीत बसूनच राहिले. नवरा टाळ्यांनी नेला होता, आता पोरगी बी चालली होती. मला दुसरी कसली भीती नव्हती, एवढीच होती.

त्याच महिन्यात पिशोरच्या आठवडी बाजारात ते झालं. मुनीरमामू मन्यार तिथं बांगड्यांची पाटी घेऊन बसायचे. लग्नात माझा चुडा त्यांनीच भरला होता. हाताची बोटं अशी गोळा करून दाबायचे की बांगडी कधी गेली कळायचं बी नाय. गावातली पाच-सहा पोरं मोटारसायकलीवर स्पीकर बांधून आली, त्यावर ह्यांचं भाषण लावलेलं. पाटी उलथी केली, मामूंना नाव विचारलं, आन त्यांचा उजवा हात मोडला. जन्मापासून ओळखणाऱ्या माणसाला नाव विचारलं. पोलिसांनी पोरांना विचारलं, कुणी सांगितलं रे? म्हणली, महाराजांनी. महाराज कुठं आहेत? वारले. जमादार म्हणे कपाळाला हात लावून बसला.

मी ऐकलं तशी खानावळ बंद केली आन पिशोरला गेले. मामू ओसरीत प्लास्टर घालून बसले होते. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणले, "बेटा, आवाज इंदरचाच होता ना. मी वळून बघितलं. म्हटलं, इंदर आलाय, पोरांना आता झापतोय बघ." मग त्यांना आठवलं म्हणे, की इंदर तर नाय. तेवढ्यात पहिली काठी बसली होती. मला तिथं बसवंना. चहा तसाच ठेवून उठले.

गावातल्याच सासरच्या घरी येऊन सुदर्शनला धरलं. म्हणलं, "भावजी, चॅनल बंद करा."

"वहिनी, माझ्या हातात नाय ते. कावळ्याला शब्द दिलाय. मोडला तर दादाचा जीव तळमळंल."

"आन मामूंचा हात मोडला त्याचं?"

"पोरं येडी आहेत. दादानं मारा म्हणलं नव्हतं."

"बसू देऊ नका म्हणलं होतं ना? मग म्हाताऱ्याला उठवायचं कसं, ओवाळून?"

संस्कृती बी आली होती माझ्यासंगं. ती उंबऱ्यातनंच म्हणली, "मम्मी, तुला पप्पा आवडतच नव्हते. ते मेले तरी तुला त्यांना गप करायचंय." पोटच्या पोरीनं असं बोलावं. मी तिला मारायला हात उचलला आन तसाच खाली घेतला.

आत्याबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिला कमी ऐकू येतं, आम्हाला वाटलं तिच्या कानावर काही गेलंच नाय.

सर्वपित्री अमावस्येला आम्ही पिशोरलाच होतो. वडे, कढी, खीर, सगळं केलं. पत्र्यावर पान ठेवायचं काम दरवर्षी सुदर्शनचं. पण त्या दिवशी म्हातारीनं पान त्याच्या हातातनं काढून घेतलं, शिडीच्या दोन पायऱ्या चढली आन पान पत्र्यावर सरकवलं. मग मोठ्यानं म्हणली, "इंदर, बाळा, लई बोललास. मुनीरचा हात बघून आले मी. आता गप बस. मी तुझी आय सांगतीया." तिचा हात अजून पानावरच होता तर कावळा येऊन बसला, आन त्यानं वडा उचलला.

 सुदर्शनचं तोंड एवढंसं झालं. पण माणूस बेइमान नाय. कावळ्याचं एकदा मानलं तर दुसऱ्यांदा बी मानलं पाहिजे, एवढं त्याला कळत होतं. तिथंच दगडावर बसला, मोबाईल काढला आन रडत रडत सगळं चॅनल पुसून टाकलं. संस्कृती त्या दिवशी जेवली नाय. मी मात्र पोटभर जेवले, खोटं कशाला बोलू. वाटलं, सुटलो.

पुढं बरेच दिवस बरे गेले. बद्रीनाथ तांब्यापाशी क्रिकेट बघायला लागला. संस्कृती अबोल झाली होती, पण बोट वर करणं थांबलं होतं. म्हणलं, हळूहळू येईल माणसात.

दिवाळीआधी एका रविवारी मी शहरात औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले, खानावळीला डबे-पातेली घ्यायची होती. येताना रिक्षा केली. रिक्षावाल्यानं मोबाईल पुढं अडकवलेला. क्रांती चौकाच्या अलीकडं गाड्या तुंबल्या, त्यानं आवाज वाढवला.

"भावांनो," हे म्हणाले, "पिशोरच्या बाजारात आपल्या पोरांनी काय गुन्हा केला, म्हणून त्यांच्यावर केस लागली?"

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. तोच आवाज. वाक्य संपताना जी खरखर यायची ती बी तशीच. पण पिशोरचं झालं कधी आन हे गेले कधी.

मी म्हणलं, "दादा, हे कधीचं आहे?"

"कालचंच है मावशी, नया आया. महाराज एकदम फॉर्म में है."

"ते वारलेत."

रिक्षावाला हसला. "अशी अफवा उडवतेत वो लोक. मेला माणूस कालचं बोलतो का कधी?"

मी काय सांगणार त्याला.  भर दुपारचं ऊन, भोवती दिवाळीची गर्दी, आन मला वाटत होतं हे कुठल्या तरी दुकानातनं बाहेर येतील आन रिक्षात शेजारी बसतील.

घरी संस्कृती कॉटवर मोबाईल घेऊन बसली होती. पातेली मी दारातच टाकली.

"हे तू केलंस?"

तिनं नाय म्हणलं नाय. "पप्पांची भाषणं होती माझ्याकडं सगळी. त्याच्यावरून मोबाईलमधी त्यांचा आवाज तयार होतो. आपण लिहायचं, ते बोलतात."

"ते असं काही बोलले नव्हते."

"बोलले असते."

"आजीनं त्यांना गप बसवलं होतं गं."

"पप्पा गपच आहेत," ती म्हणली. "हे मी बोलतीय."

मी म्हणलं, "मग तुझ्या आवाजात बोल. तुझ्या नावानं बोल, लोकांना कळू दे."

"माझं कोण ऐकतंय मम्मी?" असं म्हणताना तिचा चेहरा लहानपणीचा झाला. बाप दौऱ्यावर निघाला की दारात उभी राहायची तसा.

मला तिची माया बी आली आन रागानं डोकं बी फुटायला लागलं. मामूंचा हात आठवला. मी तिच्या हातातनं मोबाईल हिसकला आन ओट्यावर आपटायला वर केला. तिनं अडवलं नाय. शांतपणे म्हणली, "फोड. दुसरा आणीन. पण आधी एक ऐक, तुझ्यासाठी आहे." माझ्या हातातनं तिनं तो अलगद काढून घेतला, काहीतरी लिहिलं आन माझ्यापुढं धरला.

"दीपा," हे म्हणाले, "जेवलीस का गं?"

इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला हे कधी विचारलं नव्हतं. बाहेर हजार माणसांना भावांनो-बहिणींनो, आन घरात ताट पुढं केलं की खाली मान. सकाळपासून रात्रीपर्यंत मी लोकांना वाढते, मला कोण विचारतं? ते कुणी लिहिलं ते मला ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांपुढं लिहिलं होतं. तरी तोंडातनं निघून गेलं, "नाय अजून."

संस्कृतीनं माझ्याकडं बघितलं. मग तिचा अंगठा भरभर चालला.

"मग बस जरा," हे म्हणाले. "बस, आन माझं ऐक."

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आन बसले.