दोनी मीठ

मित्रांनो, मी एक जुना एक्सट्रूडर आहे, म्हणजे पाइप काढणारं मशीन. वडनेर भोलजीच्या शिवारात एका पत्र्याच्या शेडमध्ये माझं बस्तान आहे. उमेदीच्या काळात माझे पाइप बघून मालक नारायणराव माझ्या पाठीवर थाप मारायचे. गेल्या वर्षी पोटात माल जळाला, तेव्हा मात्र ते म्हणाले, "अजून एकदा जळालं त भंगारात देतो याले." तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे.

पाइपच्या पीव्हीसी प्लास्टिकला ताप सोसत नाही. तापलं की ते आम्ल सोडतं आणि त्याच आम्लानं आणखी जळतं. म्हणून मिश्रणात दोन क्षार घालतात. आमच्याकडे दोघांनाही 'मीठ'च म्हणतात. जस्ताचं मीठ आम्ल पटकन गिळतं, पाइप पांढरा ठेवतं. पण पोट भरलं की तेच उलटतं आणि माल काळा करतं. कॅल्शियमचं मीठ त्याच्याकडचं आम्ल काढून घेतं. म्हणून दोघं बरोबर हवीत.

त्या सकाळी मला चालवणाऱ्या महामायाने नव्यानेच कामाला लागलेल्या तुळशीरामकाकांना सांगितलं, "काका, दोनी मीठ टाकजा." 'दोनी' म्हणजे दोन्ही. पण माझी घरघर मेली एवढी मोठी, की काकांना 'दोन' ऐकू आलं. त्यांनी हाताशी असलेल्या जस्ताचीच दोन मापं ओतली.

पाइप आधी पांढराशुभ्र आला. मग एकदम काळे पट्टे आणि डोळ्यांना झोंबणारा धूर. काका लाल बटणाकडे धावले.

"बंद नका करू!" महामाया ओरडली. "थांबलं त आतच जळून बसन!"

तिने नाकाला ओढणी बांधली, दारं उघडली, ताप उतरवला. कालचं चांगलं मिश्रण अर्धं पोतं उरलं होतं. तेवढंच. ते तिने माझ्या तोंडात ओतलं. काळा पाइप तपकिरी झाला, मग पिवळा. पोतं संपत आलं, तरी पिवळाच! मी पुरता घाबरलो. तिने पोत्याचा तळ झटकला, तेव्हा कुठे पांढरा आला.

"तूच त म्हणली, दोन," काका रडवेले झाले.

"दोनी म्हटलं, काका. पण चुकी माहीच हाय. नाव घेऊन सांगाले पाह्यजे होतं."

मित्रांनो, मला तेलपाणी कराच. पण माझ्याजवळ उभं राहून कुणाला काम सांगाल, तर वस्तूचं नाव घ्या आणि त्याच्या तोंडून परत ऐका. आता काका रोज मोठ्यानं म्हणतात, "जस्त एक, कॅल्शियम एक!" ते ऐकल्याशिवाय माझ्याही घशाखाली घास उतरत नाही.