एकाच नावाची फाइल

"आवं ताई, वाचून दावा की. वंगाळ कायबी न्हाई न्हवं ह्यात?" मनुबाईंनी रिपोर्टचा कागद काचेखालून परत आत सरकवला.

मयूरीनं वाचून दाखवलं. छातीचं स्कॅनिंग, फुफ्फुसं स्वच्छ. मनुबाईंनी डोळे मिटून कागद कपाळाला लावला. त्यांचे मालक, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार जोतीराम मोहिते, नुसतं "बरं" म्हणाले आणि रुमालात खोकत गावाकडच्या वडापच्या जीपची वाट बघायला बाहेर गेले. मागोमाग मनुबाई गेल्या.

मयूरी मात्र तशीच बसून राहिली. सकाळी पडद्यावर हवालदारांची छाती उमटली तेव्हा उजव्या अंगाला एक पांढरा डाग तिनं पाहिला होता, बोराएवढा. ती काही डॉक्टर नव्हती. मलकापूरच्या या सेंटरवर चित्रं काढायची, त्यांची एक फाइल बांधायची, तिला पेशंटचं नाव द्यायचं आणि सांगलीला धाडायची, एवढंच तिचं काम. तिकडे डॉक्टर ऋचा फाइल उघडून रिपोर्ट लिहीत. त्यांनी स्वच्छ म्हटलं, म्हणजे स्वच्छच असणार. पण तो डाग काही डोळ्यांपुढून हलेना.

धाडायची रीत जुनी होती. इथला कॉम्प्युटर सांगलीच्या कॉम्प्युटरशी दोन वाटा उघडी, एक बोलण्याची, एक मालाची. पहिल्या वाटेनं हा विचारी, येऊ का. तो म्हणे, ये. मग दुसऱ्या वाटेनं फाइल निघे, जात्यात मूठमूठ दाणे पडावेत तशी. पण लाइन सारखी तुटायची. तिकडे अर्धी फाइल पडून राही, आणि पुन्हा धाडताना प्रश्न येई: या नावाची फाइल इथं आहेच, ती पुसून ही ठेवू का? दरवेळी 'हो' करून कंटाळलेल्या मयूरीनं एकदा खूण करून टाकली होती. नेहमीच ठेव, मला विचारू नको.

ती खूण तिला आता आठवली, आणि तिनं वळून आत पाहिलं.

आतल्या बाकावर आणखी एक जोतीराम मोहिते रिपोर्टची वाट बघत बसले होते. त्याच गावचे, हवालदारांचे चुलतभाऊ. दोघांच्याही वडलांनी आपापल्या पोराला आज्याचंच नाव ठेवलेलं. गावात हवालदारांना थोरला आणि यांना धाकटा म्हणत. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचं बोलणं केव्हाच तुटलं होतं. आजही सकाळपासून दोघं पाठीला पाठ लावून बसले होते. थोरल्यापाठोपाठ धाकट्याचं स्कॅनिंग झालं, आणि नाव तेच, गाव तेच म्हणताना तिच्या हातानं फाइललाही तेच नाव दिलं.

तिनं सांगलीचा फोल्डर उघडला. त्या नावाची एकच फाइल होती, मागाहून गेलेली धाकट्याची; थोरल्याची तिच्यासाठी पुसली गेली होती. तिनं डॉक्टर ऋचांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मोहिते एकच आलेत की. रिपोर्ट पाठवलाय मी. का गं?"

'सांगते' म्हणून मयूरीनं फोन ठेवला. पुन्हा चूक झाली तर दुसरीकडे काम बघायचं, असं सेंटरच्या मालकांनी तिला बजावलं होतं. गुपचूप फाइल धाडावी, उद्या हवालदारांना फोन करून 'डॉक्टरांनी पुन्हा बघितलं' म्हणावं, कुणाला कळणार? तेवढ्यात खिडकीतून वडापची जीप थांबलेली दिसली. मनुबाईंनी पायरीवर पाय ठेवला होता, आणि त्या हसत होत्या.

आपण धावतोय हे मयूरीला रस्त्यावर आल्यावर कळलं.

काय झालं ते तिनं सांगितलं, अडखळत, पण त्या डागासकट सगळं सांगितलं. मनुबाईंचा पाय पायरीवरून खाली आला. त्यांनी नवऱ्याची बाही धरली. जीपवाला हॉर्न वाजवून निघून गेला.

हवालदार हातातल्या कागदाकडे बघत राहिले. "म्हंजी ह्यो माझा न्हवं."

"न्हाई, काका. माझी चूक झाली."

"डाग हाय?"

"ते डॉक्टर सांगतील. मी परत धाडते."

त्यांनी कागदाची घडी नीट बोटांनी दाबली. "म्हंजी त्यो तरी धड हाय," असं स्वतःशीच म्हणाले, आणि आत चालू लागले.

मयूरीनं आधी ती खूण काढली. मग थोरल्याच्या चित्रांची फाइल पुन्हा बांधली, तिला नवं नाव दिलं आणि धाडली. तिकडून 'ये' आलं. हिरवी पट्टी किडीच्या चालीनं पुढं सरकू लागली. जा गं बाई, मधी तुटू नकोस, असं ती मनात म्हणत होती. आणि पोचू नयेस, असंही तिला वाटत होतं.

काचेपलीकडे हवालदार बाकासमोर उभे होते. धाकट्यानं मान फिरवली. हवालदारांनी कागद त्याच्या मांडीवर ठेवला.

"तुझा हाय. तुला काय झाल्यालं न्हाई."

धाकट्यानं कागदाची घडी उलगडली. मान वर न करता त्यानं विचारलं, "आन् तुझा रं?"

हवालदारांनी काचेकडे पाहिलं. "जातुया अजून."

धाकट्याचं काम झालं होतं. त्याला उठून जायला हरकत नव्हती. त्यानं बाकावरची आपली पिशवी उचलून खाली पायाशी ठेवली आणि मनुबाईंना म्हणाला, "वैनी, बसा."

पट्टी निम्म्यावर आली होती.