वार सांगणारा आरसा

विज्ञानाने माणसाला काळाचं भान दिलं, आणि काळाचं भान ही संस्कृतीची पहिली पायरी होय. आमच्या घरात ही पायरी सोमवारपासून बेसिनजवळच्या भिंतीला टेकून उभी होती आणि येता-जाता सगळ्यांच्या अंगठ्यांना ठेचा लागत होत्या.

पायरी म्हणजे एक अर्धपारदर्शक काच, तिच्यामागे जुन्या कॉम्प्युटरचा पडदा आणि पडद्यामागे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर. तिघांना एका लाकडी चौकटीत बसवलं की झाला स्मार्ट आरसा. समोरच्याला स्वतःचा चेहरा दिसतो आणि चेहऱ्याच्या आजूबाजूला आपण सांगू ती अक्षरं उमटतात. हौशी लोक त्यावर हवामान आणि बातम्या दाखवतात. मला तीनच ओळी हव्या होत्या: आज कोणता वार, सकाळची गोळी घेतली की नाही, आणि तुम्ही निवृत्त आहात.

तिन्ही ओळी अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. त्यांनी एकोणचाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण ही बातमी अलीकडे त्यांच्यापर्यंत पोहोचेनाशी झाली होती. मी आणि बायको कामावर गेलो की ते गोळी घेत, घेतली नाही म्हणून पुन्हा घेत आणि बूट घालून कामावर जात. गेल्या महिन्यात ते एका अनोळखी इमारतीत लिफ्टचं दार उघडून सव्वा तास आत डोकावत उभे होते. कुणी हटकलं नाही. लिफ्ट खरोखरच बंद होती आणि रहिवाशांना वाटलं, तक्रारीची दखल घेतली गेली.

माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, विस्मरण झालेल्या वृद्धांच्या एका देखभाल केंद्रात त्यांच्यासाठी जागा बघितली होती. रविवारी ती फॉर्म घेऊन येणार होती. तो तेव्हा भरला नाही, तर सोमवारी जागा दुसऱ्याला जाणार होती. मी फोनवर आरशाबद्दल सांगितलं तेव्हा तिने एक अट घातली. म्हणाली की रविवारी सकाळी नऊला ती येईल आणि अण्णांनी तिच्यादेखत एक सकाळ धड काढून दाखवली, तर फॉर्म फाडून टाकेल. ताई बोलते तसं करते, हा आमच्या घराण्यातला एक दुर्मिळ दोष आहे.

सोमवारी संध्याकाळी मी आरशाचा प्रोग्राम टाकायला घेतला. यंत्र म्हणालं, परवानगी नाही. इंटरनेटवर शोधल्यावर कळलं की या यंत्रात दोन जण राहतात. एक मालक आणि एक साधा रहिवासी. मी रहिवासी होतो. मात्र कमांडच्या आधी एक छोटा शब्द टाइप केला की मालकाच्या नावाने हुकूम सोडता येतो. एवढा अधिकार मला ऑफिसात बावीस वर्षांत मिळाला नव्हता. मंगळवारी मी प्रत्येक कमांडच्या आधी तो शब्द लावला, गरज असो वा नसो. सगळं बिनतक्रार इन्स्टॉल झालं.

बुधवारी आरसा सुरू केला तर पडदा काळा. प्रोग्राम रहिवाशाच्या नावाने चालत होता आणि फोल्डर सगळे मालकाच्या नावावर बांधले गेले होते. स्वतःच बांधलेल्या घरात मी दाराबाहेर उभा. बायकोने चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "त्यापेक्षा मीच आरशामागे उभी राहते. अण्णा आले की वार सांगत जाईन."

गुरुवारी एका फोरमवर तोडगा सापडला: अडलेल्या फोल्डरवर सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाका. असे फोल्डर चौदा होते. एकेकाची मनधरणी करत बसण्यापेक्षा मी मोठ्या मनाने सबंध यंत्रालाच परवानगी दिली. प्रत्येक फाइलला, प्रत्येकासाठी. एवढी लोकशाही यंत्राच्या त्या मेमरी कार्डावर आधी कधी नांदली नसेल. त्यानंतर यंत्राने मालकाचा हुकूम मानायचंही नाकारलं. जी चावी कुणीही बदलू शकतो ती चावीच नव्हे, अशा अर्थाचं काहीतरी त्याने इंग्रजीत सुनावलं.

शुक्रवारी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, कुलूप उघडेना म्हणून तुम्ही दारच काढून विकलंत," तो म्हणाला. मग त्याने कार्ड पुसून पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितलं, या वेळी साध्या रहिवाशाच्या नावाने, आणि तो हुकमाचा शब्द यंत्राने मागितला तरच.

शनिवारी मी सकाळपासून रहिवाशासारखा वागलो. चार वाजता आरशात तीन ओळी उमटल्या. पांढऱ्या, ठळक, अण्णांना चष्म्याशिवाय वाचता येतील एवढ्या. गोळीच्या डबीचं झाकण लावलं की आतलं बटण दाबलं जाऊन दुसरी ओळ बदलत होती. मी पाच वेळा दाबून पाहिलं. मग चौकट भिंतीवर चढवली आणि उगाचच केस विंचरले.

रविवारी ताई नऊला आली आणि खुर्ची ओढून बेसिनच्या दिशेने तोंड करून बसली. पर्स मांडीवर, फॉर्म पर्समध्ये. अण्णांनी गोळी घेतली, एकदाच. डबी बंद केली. तोंड धुतलं, मान वर केली आणि थांबले. मग शाळेत उभं करून वाचायला लावल्यासारखं त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं.

"आज रविवार. सकाळची गोळी घेतली आहे. तुम्ही निवृत्त आहात."

ताईचा हात पर्सवरून तोंडाकडे गेला. मी बायकोकडे पाहिलं. साधारण अर्धं मिनिट मी जिंकलो होतो.

अण्णांनी आरशातल्या माणसाला नीट न्याहाळलं, त्याच्याकडे पाहून अदबीने मान लववली आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात, त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "हे गृहस्थ निवृत्त झालेत. गोळीही घेतली त्यांनी. सुखी माणूस आहे. चल, मला उशीर होतोय." आणि ते बूट घालायला बसले.

मी म्हणालो, अक्षरांची जागा बदलता येईल. वर नाव टाकता येईल. ताईने मला बोलू दिलं, पण फॉर्म बाहेर काढला. खाली सही अण्णांचीच लागत होती. ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि कागद पुढे केला.

"अण्णा, एक काम आलंय."

"किती मजले?"

"दोन."

"लिफ्ट जुनी का नवी?"

"जुनी आहे," ताई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. अण्णांनी कामाच्या कागदावर करायचे तशी सही केली, खाली एक रेघ ओढून, आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधली.

महिन्याभराने मी आरसा गाडीत घालून केंद्रावर गेलो. त्यात आता चौथी ओळ होती, सगळ्यात वर: अण्णा, हे तुम्हीच आहात. तिथल्या मावशींनी मला दारातच थांबवलं. तिथल्या खोल्यांमध्ये आरसे लावत नाहीत. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर तसं छापलेलं होतं.